चोराखळीचे मनोरे आणि स्कॉटलंडची भट्टी

धाराशिवहून येरमाळ्याच्या दिशेने निघालं की चोराखळीच्या शिवारात साखर कारखाना लागतो. धुराड्याजवळ लोखंडी जिने आणि कठडे अंगावर घेऊन काही उंच, सडपातळ मनोरे उभे असतात. कळंब तालुक्यातच रांजणीला, नॅचरल शुगरच्या आवारातही असे मनोरे आहेत. गव्हाणीत मोळी पडली की सगळ्यांचं लक्ष वजनकाट्याकडे आणि पहिल्या उचलीकडे लागतं. हे मनोरे कशासाठी आहेत, याची चौकशी क्वचितच कोणी करतो. ती डिस्टिलरी असते. साखर काढून झाल्यावर उरलेल्या मळीतून इथे मद्यार्क निघतो, आणि या मनोऱ्यांचा मूळ आराखडा जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये व्हिस्कीसाठीच तयार झाला होता.

डिस्टिलरी समजून घ्यायची तर दोन गोष्टी पाहाव्यात: तिने द्रवात काय राखलं आणि बाहेर काय टाकलं. स्कॉटलंडची भट्टी आणि मराठवाड्यातली आसवनी यांच्यातला सगळा फरक या दोन प्रश्नांत सापडतो.

सुरुवात कच्च्या मालापासून होते. स्कॉच माल्ट व्हिस्की जवापासून बनते. जवाच्या दाण्यात साखर नसते, पिष्ट असतं, आणि यीस्टला पिष्ट पचत नाही. म्हणून जव दोनेक दिवस आलटूनपालटून पाण्यात भिजवतात आणि मग पाचेक दिवस मोड येऊ देतात. कोंब फुटताना दाण्यात पिष्टाची साखर करणारी विकरं तयार होतात. कोंब वाढून सगळं पिष्ट खाऊन टाकायच्या आत दाणा गरम हवेवर वाळवून ती वाढ थांबवतात. काही ठिकाणी, विशेषतः आयला बेटावर, वाळवताना पीट नावाच्या दलदलीतल्या जळणाचा धूर देतात, तो धुरकट वास शेवटपर्यंत टिकतो. वाळलेला माल्ट भरडून साधारण ६४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात कालवला की विकरं पुन्हा कामाला लागतात आणि गोड पाणी निघतं. हा आठवडाभराचा खटाटोप केवळ साखर मिळवण्यासाठी असतो.

उसाला यातलं काही लागत नाही. साखर त्यात तयारच असते. एक टन ऊस गाळला तर साधारण १०० किलो साखर हाती येते आणि सुमारे ४५ किलो शेवटची मळी उरते, तिला कारखान्यात सी हेवी म्हणतात. काळी, दाट, चिकट. तिच्यातली साखर आता स्फटिक धरत नाही, पण वजनाच्या जवळजवळ निम्मी साखर तिच्यात शिल्लक असते, आणि यीस्टला ती चालते. या ४५ किलोंतून दहाएक लिटर मद्यार्क मिळतो. साखर थोडी कमी काढून मळी आधीच बाजूला घेतली तर ती बी हेवी, तिच्यातून टनामागे जास्त मद्यार्क पडतो. साखर न करता थेट रसच आंबवला तर टनभर उसातून ७० लिटरच्या आसपास मद्यार्क निघतो. साखर करायची की इथेनॉल, हा हिशेब आज प्रत्येक कारखाना मांडतो. डिसेंबर २०२३ मध्ये पाऊस कमी झाल्यामुळे साखर अपुरी पडेल या धास्तीने केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला अचानक मनाई केली आणि थोड्याच दिवसांत मर्यादेत परवानगी दिली, तेव्हा हा हिशेब किती नाजूक आहे ते दिसलं.

आंबवण्याच्या टाकीजवळ उभं राहिलं तर डिस्टिलरीचं काम डोळ्यांना दिसतं. पाण्याने पातळ केलेली मळी टाकीत असते, तपकिरी. तिच्यात यीस्ट सोडलं की काही तासांत पृष्ठभाग हलायला लागतो, बुडबुडे वर येतात, फेस चढतो. एका ग्लुकोजच्या रेणूचे इथे दोन मद्याचे आणि दोन कार्बन डायऑक्साइडचे रेणू होतात. १८० ग्रॅम ग्लुकोजमधून ९२ ग्रॅम मद्य आणि ८८ ग्रॅम वायू, म्हणजे साखरेचं जवळजवळ निम्मं वजन हवेत जातं. उष्णताही बरीच निघते. स्कॉटलंडच्या थंडीत ती फारशी जाचत नाही. मराठवाड्यात एप्रिलमध्ये टाकी थंड ठेवणं हेच मोठं काम असतं, कारण द्रव ३५ अंशांच्या फार वर गेला की यीस्ट मरगळतं. त्यासाठी पाणी सतत फिरवावं लागतं. स्कॉटलंडमधल्या कित्येक भट्ट्या चवीसाठी दोन-तीन दिवस, कधी त्याहून जास्त वेळ आंबवण देतात, कारण शेवटच्या तासांत जिवाणू फळांसारखे वास तयार करतात. मळीच्या टाकीला तेवढी सवड नसते. तिथे वासाला महत्त्व नाही, मद्यार्काचा उतारा महत्त्वाचा.

आंबवून झालेल्या द्रवात मद्य ८ ते १० टक्के असतं. त्याला वॉश म्हणतात. आता मद्य पाण्यातून वेगळं करायचं. मद्य ७८ अंशांच्या आसपास उकळतं, पाणी १०० अंशांवर, या फरकावर सगळं ऊर्ध्वपातन चालतं. स्कॉटलंडची माल्ट व्हिस्की तांब्याच्या भांड्यात दोनदा उकळतात. पहिल्या खेपेला २२ ते २५ टक्क्यांचा द्रव मिळतो, दुसऱ्या खेपेला ७० टक्क्यांच्या आसपासचा. दुसऱ्या खेपेत भट्टीवाल्याची कसोटी लागते. सुरुवातीला येणारा उग्र भाग तो बाजूला काढतो, मधला भाग घेतो आणि शेवटचा जड भाग पुन्हा पुढच्या घाण्यात टाकतो. मधला भाग नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, यावर त्या भट्टीची चव ठरते. तांबंही नुसतं भांडं नसतं. वाफेतली गंधकाची संयुगं ते धरून ठेवतं, म्हणून व्हिस्कीला सडक्या भाजीचा वास राहत नाही.

हा मधला भाग तो एका पेटीत पाहतो. पितळेच्या चौकटीत काचा बसवलेली ही पेटी असते, आत द्रवाची धार पडते, तीव्रता मोजणारा हायड्रोमीटर तरंगत असतो, बाहेरच्या दांड्या फिरवून धार या भांड्यात किंवा त्या भांड्यात वळवता येते. पण द्रवाला हात लावता येत नाही, कारण पेटीला कुलूप असतं. ते कुलूप सरकारसाठी असतं. व्हिस्कीचा इतिहास मला तरी या कुलपातून जास्त नीट दिसतो.

अठराव्या शतकाच्या शेवटी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात कर इतका जबर होता की दऱ्याखोऱ्यांत चोरट्या भट्ट्या भरभराटीला आल्या. १८२३ च्या कायद्याने परवान्याची फी १० पौंड केली आणि कर खाली आणला. पुढच्याच वर्षी ग्लेनलिव्हेटच्या खोऱ्यातल्या जॉर्ज स्मिथ नावाच्या शेतकऱ्याने परवाना घेतला. शेजारचे चोरटे भट्टीवाले त्याच्यावर खवळले, भट्टी जाळून टाकायच्या धमक्या आल्या, आणि तो काही वर्षं कमरेला दोन पिस्तुलं लावून फिरत असे. त्याची भट्टी पुढे त्या खोऱ्याच्या नावाने जगभर ओळखली गेली. कायदा सैल केल्यावर सरकारचा महसूल वाढला, चोरट्या भट्ट्या मागे पडल्या. करवसुलीच्या बाबतीत इतकं उघड उदाहरण क्वचित सापडतं.

दुसरं नाव एनिअस कॉफी. हा आयर्लंडमधला अबकारी खात्याचा वरिष्ठ अधिकारी. नोकरीत असताना त्याने शेकडो भट्ट्या तपासल्या आणि निवृत्तीनंतर स्वतः यंत्र बनवलं. त्याच्या आधी स्कॉटलंडच्या रॉबर्ट स्टाइनने सलग चालणारी भट्टी केली होती. कॉफीने ती सुधारून १८३० साली पेटंट घेतलं. तांब्याचं भांडं दर वेळी भरावं, उकळावं, रिकामं करून धुवावं लागतं. कॉफीच्या मनोऱ्यात वरून वॉश सतत येत राहतो आणि खालून वाफ सतत चढते. मनोऱ्याच्या आत छिद्रांच्या ताटल्या एकावर एक बसवलेल्या असतात, इडलीपात्रासारख्या. प्रत्येक ताटलीवर द्रव आणि वाफ भेटतात, वाफेत मद्य थोडं वाढतं, द्रवात थोडं घटतं. म्हणजे प्रत्येक ताटली ही एक छोटी भट्टीच. वीस-तीस ताटल्या चढून गेलेली वाफ ९४-९५ टक्के मद्याची होते, आणि हे दिवसरात्र, न थांबता.

चोराखळीचे किंवा रांजणीचे मनोरे या यंत्राचे वंशज आहेत. तांब्याच्या जागी मुख्यतः स्टेनलेस स्टील आलं, एका-दोघांच्या जागी पाच-सहा मनोरे आले. अ‍ॅनालायझरमध्ये वॉशमधलं मद्य सुटतं. रेक्टिफायरमध्ये ते घट्ट होतं आणि जड, तेलकट अल्कोहोलं मधूनच काढून घेतली जातात. पिण्याजोगा शुद्ध मद्यार्क करायचा असेल तर एका मनोऱ्यात उलट पाणी घालून तो पुन्हा पातळ करतात, कारण पाण्यात वास देणारे घटक लवकर सुटतात, आणि मग परत घट्ट करतात. शेवटी आकारमानाने ९६ टक्क्यांचा जो द्रव हाती येतो त्याला एक्स्ट्रा न्यूट्रल अल्कोहोल म्हणतात. त्यात मळीची ओळख उरत नाही. ऊस होता की मका होता की तांदूळ, हे नाकाला सांगता येत नाही. तसं असावं हाच हेतू असतो.

स्कॉटलंडचा भट्टीवाला ७० टक्क्यांवर थांबतो, कारण उरलेल्या ३० टक्क्यांत त्याची चव असते. आपला ९६ पर्यंत जातो, कारण त्याला चव नकोच आहे. भारतात ‘व्हिस्की’ म्हणून खपणाऱ्या स्वस्त आणि मध्यम किमतीच्या कित्येक बाटल्यांत हाच निर्विकार मद्यार्क असतो; त्यात थोडी माल्ट व्हिस्की, रंगासाठी कॅरॅमल आणि पाणी घालून ४२.८ टक्क्यांवर आणतात. मद्यार्क अनेकदा धान्याचा असतो, अनेकदा मळीचा. युरोपच्या कायद्यात मळीच्या मद्यार्काला व्हिस्की म्हणता येत नाही. तिथे धान्य हवं आणि लाकडी पिंपातली किमान ३ वर्षं हवीत. गंमत म्हणजे खुद्द ब्रिटनमध्येही मनोऱ्यातली व्हिस्की ही व्हिस्कीच का, असा खटला झाला होता, शाही आयोग बसला होता, आणि १९०९ साली आयोगाने धान्याची असेल तर ती व्हिस्की, असा निवाडा दिला. माझं मत स्पष्ट आहे: मळीच्या मद्याला कमीपणा द्यायचं कारण नाही, जगभरची बहुतेक रम मळीवरच उभी आहे. पण बाटलीवर कच्च्या मालाचं नाव ठळक अक्षरांत असलं पाहिजे. पिणाऱ्याला तो हक्क आहे, आणि ऊस पिकवणाऱ्यालाही आपला माल कुठे गेला हे कळलं पाहिजे.

भट्टीतून सुरुवातीला निघणाऱ्या उग्र भागाबद्दल एक गैरसमज आपल्याकडे घट्ट आहे. हातभट्टीच्या दारूने माणसं मरतात ती भट्टीवाल्याने पहिली धार फेकली नाही म्हणून, असं सांगितलं जातं. गूळ किंवा मळी आंबवून मिथेनॉल अगदी नगण्य तयार होतं. मोठ्या दुर्घटना घडतात त्या मुख्यतः कारखान्यांसाठीचं मिथेनॉल चोरून दारूत मिसळल्यामुळे. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरहून अधिक माणसं दगावली ती अशीच.

कुलूप आपल्याकडेही आहे. राज्य उत्पादन शुल्क खात्याची माणसं डिस्टिलरीच्या आवारात नेमलेली असतात, मद्यार्काचा थेंब न थेंब मोजून नोंदला जातो. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याच्या तिजोरीत अबकारीचा वाटा मोठा होता. शिंदी आणि मोहाच्या दारूचे मक्ते लिलावाने जात. मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला. १९५६ साली मराठवाडा त्या राज्यात सामील झाला आणि पुढे तो कायदा इथेही आला. तोच कायदा नाव बदलून आजही लागू आहे, आणि त्यानुसार महाराष्ट्रात विदेशी मद्य प्यायला परवाना लागतो. दारूबंदीचा कायदा आणि डिस्टिलऱ्यांना प्रोत्साहन ही दोन्ही धोरणं या राज्यात इतकी वर्षं शेजारी नांदली आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने औद्योगिक मद्यार्कावरही राज्यांचा अधिकार मान्य केला, तेव्हा हे कुलूप कोणाच्या हातात हा जुना वाद राज्यांच्या बाजूने सुटला.

मनोऱ्याला एक मर्यादा आहे. मद्य वजनाने ९५.६ टक्के झालं की मद्य आणि पाणी एकत्रच उकळतात. कितीही ताटल्या वाढवा, उरलेलं पाणी सुटत नाही. पिण्यासाठी त्याने बिघडत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायला मात्र ९९.५ टक्क्यांहून शुद्ध इथेनॉल लागतं. त्यासाठी मद्याची वाफ झिओलाइट नावाच्या खनिजाच्या मण्यांतून सोडतात. या मण्यांतली छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा रेणू आत शिरतो आणि मद्याचा मोठा रेणू बाहेर राहतो. पाणी मण्यांत अडकतं, कोरडं इथेनॉल पुढे जातं. मग दाब कमी करून मण्यांतलं पाणी काढून टाकायचं आणि पुन्हा तेच चक्र.

मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनसाठी माणसं तडफडत होती, तेव्हा चोराखळीच्या धाराशिव कारखान्याने याच यंत्रणेचा वेगळा उपयोग केला. झिओलाइटचा प्रकार बदलला तर तो हवेतला नायट्रोजन धरतो आणि ऑक्सिजन सोडून देतो. इथेनॉल प्रकल्पाच्या यंत्रणेत बदल करून त्या कारखान्याने ऑक्सिजन तयार केला, देशातला असा पहिला प्रयोग म्हणून त्याची नोंद झाली. मला या जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासातली ही सर्वांत अभिमानाची घटना वाटते. कुठल्या परदेशी तंत्रज्ञाची वाट न पाहता, आपल्याकडे असलेल्या यंत्राचं विज्ञान ओळखून, गरजेच्या आठवड्यात ते कामाला लावलं गेलं.

मद्यार्क मुरवण्याच्या बाबतीत मात्र मराठवाडा आणि स्कॉटलंड यांची तुलनाच होत नाही. ओकच्या पिंपात ठेवलेली व्हिस्की लाकडातून रंग आणि चव घेते, आणि त्याच वेळी लाकडातून उडतही राहते. स्कॉटलंडमध्ये वर्षाला २ टक्क्यांच्या आसपास, बंगळूरला १० टक्क्यांच्याही वर. त्यामुळे भारतात व्हिस्की लवकर मुरते आणि लवकर संपते. बंगळूरच्या अमृतने २००४ साली थेट ग्लासगोत आपली सिंगल माल्ट विकायला ठेवली. गोव्यात कुंकळ्ळीला जॉन डिस्टिलरीजची पॉल जॉन तयार होते, ती २०१२ मध्ये आधी ब्रिटनमध्ये आली. नाशिकजवळ दिंडोरीलाही माल्ट व्हिस्की बनते. या सगळ्यांचा जव उत्तरेतून, राजस्थान-हरियाणाकडून येतो. धाराशिवच्या काळ्या रानात जवापेक्षा शाळू पिकतो, आणि ज्वारीपासून उत्तम मद्य होतं हे चीनने माओताईसारख्या मद्यातून केव्हाच दाखवलं आहे. महाराष्ट्राने २००७ च्या सुमारास धान्यापासून मद्यार्क करणाऱ्यांना अनुदान देण्याचं धोरण आणलं होतं, पण भाकरीच्या धान्याची दारू करायला सरकारी पैसा कशाला, असा सवाल करत त्याला जोरदार विरोध झाला. तो विरोध मला रास्तच वाटतो. अनुदानाशिवाय कोणी शाळूची चव बाटलीत उतरवली तर तो वेगळा विषय.

आता दुसरा प्रश्न: बाहेर काय टाकलं. स्कॉटलंडच्या भट्टीतून निघणारा जवाचा चोथा गुरांना जातो. मळीच्या डिस्टिलरीतून स्पेंटवॉश निघतो. एक लिटर मद्यार्कामागे साधारण ८ ते १५ लिटर. गरम, आम्लयुक्त, कोळशासारखा काळपट. यीस्टला न पचलेलं सगळं त्यात असतं. त्याचा प्रदूषणाचा भार शहरातल्या सांडपाण्याच्या शेकडो पट असतो. ओढ्यात गेला तर पाण्यातला प्राणवायू संपतो, मासे मरतात. जमिनीत मुरला तर विहिरीचं पाणी तपकिरी होतं आणि मग वर्षानुवर्षं सुधारत नाही. त्याचा बंदोबस्त करता येतो. आधी बंद टाकीत जिवाणूंकडून बायोगॅस काढायचा, उरलेलं आटवून घट्ट करायचं, आणि प्रेसमडमध्ये, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळात, मिसळून कंपोस्ट करायचं किंवा खास बॉयलरमध्ये जाळायचं. जाळल्यावर उरणाऱ्या राखेत पालाश भरपूर असतं. ते खत म्हणून विकलं जातं. म्हणजे उसाने जमिनीतून उचललेलं पालाश जमिनीला परत देता येतं. थेंबही बाहेर सोडायचा नाही, असा नियमच आहे. नियम पाळायला खर्च येतो, आणि खर्च वाचवायचा मोह पावसाळ्याच्या रात्री जास्त होतो.

पाण्याचं तर बोलायलाच नको. मांजरा धरण आटलं म्हणून २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच मांजरेच्या आणि तेरणेच्या खोऱ्यात आपण ऊस लावतो. ढोकीचा तेरणा कारखाना अनेक वर्षं बंद राहिला, त्यात कारभाराचा वाटा असेल, दुष्काळाचाही होताच. डिस्टिलरीमुळे उसाला चार पैसे जास्त मिळू शकतात हे खरं, आणि देशाने २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं लक्ष्य गाठलं त्यात या मनोऱ्यांचा हात आहे हेही खरं. पण ठिबकशिवाय ऊस आणि पुनर्वापराशिवाय डिस्टिलरी या जिल्ह्याला परवडणार नाही.

नव्या डिस्टिलरीसाठी किंवा जुनीची क्षमता वाढवण्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळ अनेक प्रकल्पांची जनसुनावणी घेते. तिची जाहिरात स्थानिक वर्तमानपत्रात येते, पर्यावरण अहवालाचा मराठी सारांश मागितला की पाहायला मिळतो. तुमच्या गावाजवळ अशी सुनावणी लागली तर जरूर जा. पाणी कुठून उचलणार, किती उचलणार, स्पेंटवॉशच्या टाक्यांना अस्तर आहे का, आजूबाजूच्या विहिरींचं पाणी कोण आणि किती महिन्यांनी तपासणार, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.